पुराचा बाळंतविडा

विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले की बडोद्यात ज्याला त्याला काम मिळते. कोणी होडी मिळवतो, कोणी पुरी-भाजीची पाकिटे भरतो, कोणी गच्चीवरून व्हिडिओ काढतो. दिवस भरलेल्या बाईचे काय करायचे, हे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नसते. ते आम्ही काही बायकांनी अंगावर घेतले. कसे केले, काय जमले आणि काय राहून गेले ते लिहिते आहे, कारण इतर गावांतून विचारणारे फोन येतात आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगताना माझा घसा बसतो.

मी लेबर रूमची सिस्टर. सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात झाली. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या महिला मंडळात जाऊ लागले. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस कोसळला, तेव्हा मंडळातल्या बायकांबरोबर मीही एका शाळेतल्या निवारा केंद्रात मदतीला गेले. तिथे ब्लँकेटे होती, मेणबत्त्या होत्या, बिस्किटांचे पुडे तर छतापर्यंत. एका बाकावर नववा महिना लागलेली मुलगी बसली होती. पाय सुजलेले, डोके दुखते म्हणत होती. अख्ख्या केंद्रात बीपीचे यंत्र नव्हते. नववा महिना, सूज आणि डोकेदुखी म्हणजे बीपी वाढून झटके येण्याची भीती, हे लेबर रूममध्ये वय घालवलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिला रुग्णालयात पोचवता आले आणि ती सुखरूप सुटली. पण त्या रात्री तिला झटके आले असते तर आमच्याकडे उपचार म्हणून बिस्किटे होती.

माझी भाची मुंबईला सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. तिला हे सांगितले तर म्हणाली, "मावशी, याची आखून दिलेली पद्धत आहे. निर्वासितांच्या छावण्यांसाठी केलेली." तिने माझ्या मोबाइलवर एक मोफत अभ्यासक्रम लावून दिला. नाव लांबलचक, सगळे त्याला एमआयएसपी म्हणतात. युद्ध असो की भूकंप, पहिल्या तासांपासून बायकांसाठी कमीत कमी कोणत्या सेवा सुरू झाल्याच पाहिजेत, त्याचा तो संच. अभ्यासक्रम इंग्रजीत आणि माझे इंग्रजी औषधांच्या नावांपुरते. जेवणे आटोपली की ती फोनवर वाचायची, मी वहीत मराठीत उतरवून घ्यायची.

त्यातला इतिहास ऐकून मी चकित झाले. १९९४ पर्यंत निर्वासितांच्या छावणीत तंबू, धान्य, पाणी, गोवराची लस यांची सोय असे, पण बाळंतपणाची म्हणून वेगळी सोय जवळपास कुठेच नसे. त्या वर्षी कैरोला लोकसंख्येवरची जागतिक परिषद झाली, तिथे निर्वासित बायकांच्या आरोग्याचा विषय उघडपणे निघाला. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदतीचे काम करणाऱ्या संस्थांचा एक कार्यगट बसला आणि त्यातून हा संच घडत गेला. म्हणजे मी लेबर रूममध्ये पाऊल ठेवले त्या काळात जगात कोणाजवळही ही यादी नव्हती.

संचात काय आहे? जबाबदारी एकाच संस्थेवर टाकायची, म्हणजे "मला वाटले तुम्ही बघताय" हे होत नाही. लैंगिक अत्याचार होऊ नयेत अशी व्यवस्था लावायची आणि झाला तर उपचार तयार ठेवायचे. एचआयव्ही पसरू द्यायचा नाही, रक्त तपासल्याशिवाय चढवायचे नाही. आई आणि बाळ वाचवायचे. नको असलेले गरोदरपण टाळायची साधने द्यायची. हे सगळे चालू असतानाच नेहमीच्या सेवा परत कशा सुरू होतील ते ठरवायला घ्यायचे. शिवाय कायद्यात बसेल तिथवर सुरक्षित गर्भपात. यातले फारसे काही मला नवे नव्हते. कोणती गोष्ट पहिल्या दिवशी आणि कोणती नंतर, हे मात्र मी कधी मांडून पाहिले नव्हते.

वहीतले एक पान मी अजूनही सगळ्यांना दाखवते. उपचार मिळाले नाहीत तर बाई साधारण किती वेळात हातची जाते, त्याचे ढोबळ अंदाज त्यावर आहेत. बाळंत झाल्यावर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तास. बाळंतपणाआधी अंगावरून जाऊ लागले तर बारा तास. गर्भपिशवी फाटली तर एक दिवस, झटके आले तर दोन, अडलेल्या बाळंतिणीला तीन, जंतुसंसर्ग झाला तर सहा. हे मी नोकरीत कधी पाठ केले नव्हते, कारण करावे लागले नव्हते. रक्तपेढी व्हरांड्याच्या टोकाला होती आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर. पुरात बाईला नवा रोग होत नाही. तेच रक्त जाते, तेच बीपी वाढते. फक्त व्हरांडा लांब होतो, आणि त्या पानावरचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. तेव्हा आपले काम म्हणजे ते अंतर आधीच कापून ठेवणे, एवढे मला त्या पानावरून कळले.

मग हिशेब मांडला. छावणीत काहीच माहिती नसेल तेव्हा वर्षाला हजार लोकांमागे ४० जन्म धरतात. आपल्याकडे साधारण निम्मे, हजारी २०. नदीकाठच्या ज्या वस्त्या आम्ही हाती घ्यायच्या म्हणत होतो तिथे १०,००० माणसे धरली तर वर्षाला २०० बाळंतपणे, महिन्याला १६-१७, आठवड्याला चार. कोणत्याही दिवशी १५० गरोदर बायका. त्यांतल्या १५ टक्क्यांना, म्हणजे बावीस-तेवीस जणींना, काही ना काही गुंतागुंत होणार असे धरून चालायचे. मंडळाच्या बैठकीत मी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "म्हणजे पाणी चार दिवस राहिले तर दोन बाळं पाण्यातच जन्माला येणार, असंच ना?" असंच.

दीडशे ही संख्या. त्यांची दारे कोणती? ती माहिती महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात असते. गुजरातेत गरोदर बाईला ममता कार्ड मिळते, बुधवारी ममता दिवस असतो, तेव्हा तपासणी होते आणि नोंदी ऑनलाइन चढतात. एका अधिकाऱ्यांना आम्ही यादी मागितली, त्यांनी साफ नकार दिला. मला राग आला नाही. बाहेरच्यांच्या हाती बायकांची नावे का द्यावीत? तोडगा आरोग्यसेविका बेननी काढला. नावे आशाबेनच्या, म्हणजे त्या त्या वस्तीतल्या आशा कार्यकर्तीच्या, वहीतच राहतील. आम्हाला गल्लीवार संख्या मिळेल, आणि जिला आमची मदत चालणार आहे अशा बाईने स्वतः सांगितले तरच तिचा फोन नंबर. ही व्यवस्था इतकी चांगली होती की आता कोणी सगळी यादी देतो म्हटले तरी मी घेणार नाही.

प्रत्येकीच्या पानावर आशाबेन लाल पेन्सिलीने खूण करायच्या. आधीचे सिझर, जुळे, बीपी, हिमोग्लोबिन सातच्या खाली, सिकलसेल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आमच्या भागातली गोष्ट. छोटा उदेपूर, दाहोदकडून आलेल्या आदिवासी कुटुंबांत तो आढळतो. दिवस भरायला तीन आठवडे उरले की पानाचा कोपरा दुमडायचा. आणि घरी बसून बोलायचे: पाणी आले तर कोणाकडे जाणार, नेणार कोण, रक्तगट काय, ममता कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले का. चार साधे प्रश्न, पण पहिल्याच प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळे. सासूबाई पदर सावरून म्हणत, "पाणी उतरे पछी जईशुं." पाणी उतरल्यावर जाऊ. त्यांना वादात हरवता येत नाही, त्यांनी आयुष्यभर पाणी उतरलेले पाहिले आहे. मी मग सुनेच्या नवऱ्याला गाठायची आणि त्याला ते घड्याळाचे पान दाखवायची. पुरुषांना तासांचा हिशेब कळतो.

घरातला निर्णय, वाटेतला खोळंबा, दवाखान्यात पोचल्यावरची दिरंगाई. माता मरतात त्या बहुतेक या तीन उशिरांपायी, असे अभ्यासक्रमात होते. तिसऱ्यावर आमचा काही ताबा नव्हता. दुसरा पावसाच्या हाती. पहिल्यावर मात्र काम करता येत होते, आणि उन्हाळाभर आम्ही तेच केले.

आता किटबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीकडून छावण्यांना जाणाऱ्या संचांत एक अगदी छोटा संच असतो, ज्या बाईला दवाखाना गाठणे शक्यच नाही तिच्या हातात द्यायचा. साबण, प्लास्टिकचा तुकडा, नवे पाते, नाळ बांधायची फीत, हातमोजे, बाळाला गुंडाळायचे कापड. बस्स. आपल्याकडे सुईणींना पाच स्वच्छता शिकवायचे तेच हे: हात, जागा, पाते, दोरा स्वच्छ आणि नाळेला काहीही लावायचे नाही. मंडळाने हे काम इतक्या उत्साहाने घेतले की मलाच आवरावे लागले. आमच्या सर्वांत वयस्कर आजींनी जुन्या सुती नऊवाऱ्या फाडून दुपटी शिवली, उकळून, कडक उन्हात वाळवून, वर इस्त्री. सांगितल्याशिवाय. त्यांनीच या पिशवीला पुराचा बाळंतविडा म्हणायला सुरुवात केली. पण मग त्यात काजळाची डबी आली, वेखंड आले, नाळेवर लावायला हळद आली. हळदीवरून आमचे चांगलेच वाजले. "माझी पाच मुलं हळदीवरच वाढली," असे आजी म्हणाल्या. मी म्हटले, "आजी, लेबर रूममध्ये मी धनुर्वाताची बाळंही पाहिली आहेत." त्या दिवशी त्या उठून गेल्या. पुढच्या बैठकीला हळदीची पुडी काढलेली होती आणि तिच्या जागी टोपडे होते, तेव्हा मी विषय वाढवला नाही.

औषधे आम्ही पिशवीत घातली नाहीत. ती आरोग्यसेविकेची जबाबदारी, आणि तशीच असावी. निवृत्त सिस्टरने इंजेक्शने घेऊन गल्ल्यांतून फिरू नये, कितीही अनुभव असला तरी. बेनच्या पेटीत काय असायला हवे ते मात्र आम्ही तिच्याबरोबर बसून तपासले. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, बीपीचे यंत्र, कॅथेटर, सलाइन, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मास्क. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि पुरात पहिली जाते ती वीज. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, म्हणून छावण्यांत त्यांचा आधार मोठा. आम्ही ठरवले की इशारा आला की लशीच्या कॅरिअरमध्ये बर्फाच्या पट्ट्या भरून इंजेक्शने उंचावरच्या शाळेत हलवायची.

२६ ऑगस्ट २०२४ ला गोकुळाष्टमी होती. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. आजवा सरोवर भरले की जादाचे पाणी विश्वामित्रीत येते, त्यामुळे बडोद्यात नदीची पातळी पाहायच्या आधी लोक आजव्याची पाहतात. सकाळीच आशाबेनच्या ग्रुपवर निरोप गेला: कोपरा दुमडलेली पाने बाहेर काढा. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या बहुतेक जणी उंच भागातल्या माहेरी, नणंदेकडे, एक तर नवऱ्याच्या मालकाच्या दुकानाच्या माळ्यावर गेल्या. २७ तारखेला नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि नंतर ती ३५ च्याही वर गेली. सखल भागांत दहा-बारा फूट पाणी. लष्कर आले. वस्तीत मगरी निघाल्या, आणि आमच्याकडे मगर ही बातमीपुरती नसते. रात्री पाण्यातून चालत यायला धडधाकट माणूस घाबरतो, तिथे कळा सुरू झालेल्या बाईचे काय सांगावे.

लाल खुणेच्या सगळ्याजणी पाण्याच्या अलीकडे होत्या. यादीने आपले काम केले होते. आणि जी बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली शाळेच्या फाटकाशी आली ती यादीत नव्हतीच.

छोटा उदेपूरकडची, वीस-एकवीस वर्षांची. नवरा-बायको दोघे बांधकामावर मजुरीला. साइटवरच्या झोपडीत पाणी शिरले तसे ते अर्धवट इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चढून बसले होते. तिचे ममता कार्ड गावी, नाव गावच्या केंद्रात. शहराच्या हिशेबात ती नव्हती आणि गावच्या हिशेबात ती घरी होती. कळा पहाटेपासून चाललेल्या. आम्ही सहावीच्या वर्गातली बाके भिंतीला लावून प्लास्टिक अंथरले. बेनने तपासले आणि माझ्याकडे पाहिले: कुठेही हलवण्याची वेळ टळून गेली होती.

बाळ नीट आले, लगेच रडले. मुलगी. पुसून आईच्या पोटावर ठेवली, आजींचे दुपटे वरून. बेनने मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट दिले, वार पूर्ण आली, मी ती उलटसुलट करून पाहिली, तुकडा राहिलेला नव्हता. तरी खालचे कापड भिजतच होते. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊ. चोळायला घेतली की घट्ट होई, हात काढला की पुन्हा सैल. कॅथेटरने मूत्राशय रिकामे केले, सलाइनमधून आणखी ऑक्सिटोसिन सुरू केले, जिभेखाली मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या. पापणी उलटून पाहिली, आत पांढरीफटक. धट्ट्याकट्ट्या बाईला अर्धा लिटर रक्त गेलेले सोसते. हिच्या अंगात गमवायला होतेच किती?

१०८ ला फोन लागला, गाडी निघाली, पण पाण्यापलीकडच्या कोरड्या रस्त्यावरच उभी राहू शकत होती. म्हणून पुन्हा तोच ट्रॅक्टर. ट्रॉलीत गादी, तिचे पाय उंच, नवऱ्याच्या हातात सलाइनची बाटली, बाळ बेनच्या पोलक्याशी, आणि माझा हात तिच्या पोटावर. ट्रॅक्टरवाल्या भाईंना मी एवढेच सांगितले की खड्डा आला तरी थांबू नका. ते काही बोलले नाहीत, पण पाण्याखालचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. रुग्णवाहिकेत चढवले तेव्हा रक्त बरेच आवरले होते, नाडी मात्र फार जलद. बाळंत होऊन पावणेदोन तासांनी ती रुग्णालयाच्या दारात होती. रक्त चढवले. वाचली. घरी सोडताना खिलखिलाट गाडी मिळते ती तिलाही मिळाली, फक्त कुठल्या घरी सोडायचे हा प्रश्न होता. झोपडी उरली नव्हती. ती महिनाभर मुकादमाच्या बहिणीकडे राहिली, मग गावी गेली.

केंद्रातल्या बाकीच्या गोष्टी लहान होत्या, पण डोके त्यांनीच जास्त खाल्ले. एक सज्जन गृहस्थ दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या घेऊन आले. मी परत पाठवले. ते इतके दुखावले की मंडळाच्या अध्यक्षांना फोन गेला. पण गढूळ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब देते, आणि चार दिवस बाटली लागली की आईचे दूध आटते, मग डबे संपल्यावर काय? १९९२ च्या कायद्याने अनाथालय सोडून असे वाटप करताही येत नाही. आईला दोन वेळा पोटभर जेवण आणि पडद्याचा एक कोपरा द्या, ती बाळाला पाजेल. त्याच गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू आणि सॅनिटरी पॅड आणले, हेही सांगितले पाहिजे.

शाळेच्या संडासांना आतून कड्या नव्हत्या. मुलींना पाणी कमी प्यायची सवय लागते ती यामुळे. पहिल्या रात्रीच्या आत कड्या, बॅटरीचा दिवा आणि बायकांचा झोपायचा वर्ग संडासाच्या बाजूला, एवढे करून घेतले. आतल्या भिंतीवर कागद चिकटवला: १८१ अभयम हेल्पलाइनचा नंबर, आणि खाली गुजराती, हिंदी, मराठीत की अत्याचार झाला तर आधी रुग्णालयात या, पोलिसांत तक्रार केलेली असो वा नसो, उपचार मोफत मिळतील, एचआयव्हीविरोधी औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, गर्भ राहू नये यासाठीची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांच्या आत. एका स्वयंसेवक भाईंना हा कागद अपशकुनी वाटला. बायकांनी तो फाडला नाही, त्यातच काय ते आले.

आमचे पाणी उतरले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुराची आणि युद्धाची एकाच दमात गणना करताना मला संकोच वाटतो. आमच्या फाटकाशी आलेला ट्रॅक्टर मदतीला आला होता. १२ मे २०२० ला काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या रुग्णालयात बंदूकधारी शिरले ते थेट प्रसूती विभागात. १६ माता मारल्या, त्यांतल्या काही प्रसूतीच्या वाटेवर होत्या. १५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, लढाई सुरू झाली तेव्हा त्या एका शहरात २,१९,००० गरोदर बायका असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता, आणि त्यांतल्या २४,००० जणी काही आठवड्यांत बाळंत व्हायच्या होत्या. आमचा फळ्यावरचा दीडशेचा आकडा त्यापुढे ठेवून पाहा. रुग्णालये बंद पडली, आणि प्रशिक्षित सुईणी गल्लोगल्ली जाऊन घरी बाळंतपणे करत राहिल्या. खार्तूमशेजारच्या ओमदुर्मानला सुईणींची शाळा १९२१ पासून आहे. शंभर वर्षे बायकांना शिकवले ते अशा वेळी कामी आले. जगात २०२३ मध्ये सुमारे २,६०,००० माता दगावल्या, त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश युद्धाने किंवा अस्थिरतेने पोखरलेल्या देशांत. ऑक्सिटोसिन तिथेही तेच आणि इथेही तेच.

पुरानंतरचे काम कोणी मोजत नाही. पाणी उतरले, चिखल उपसला, मदतकर्ते पांगले. दिवाळीच्या सुमारास एक बाई आशाबेनबरोबर माझ्याकडे आली. दोन मुले, तिसरे नको. तिची माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे कपाटासकट वाहून गेली होती, पुढचे काही आठवडे सगळी फरशी धुण्यात आणि भांडी गोळा करण्यात गेले, गोळ्यांचे कोणी विचारले नाही आणि मागायला तिला लाज वाटली. आम्ही पॅड वाटले, साबण वाटला. बेनच्या पेटीत गोळ्या आणि निरोध होते, पण केंद्रातून घरी परतलेल्या बायकांपर्यंत ते नेण्याचे कोणाकडेच सोपवलेले नव्हते. ती आठव्या आठवड्यात होती. नवऱ्याची सही लागेल का, हा तिचा पहिला प्रश्न. सज्ञान बाईला कायद्याने स्वतःचीच संमती पुरते. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी काम झाले, नंतर तिने तांबी बसवून घेतली.

तिच्यामुळे मी गर्भपाताचे नियम नीट वाचून घेतले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान कोणत्या बायकांना परवानगी मिळू शकते, त्या वर्गांत सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या गर्भवतीही आहेत. दोन डॉक्टरांचे मत लागते. माझ्या ओळखीच्या कितीतरी डॉक्टरांचे या ओळीकडे लक्ष गेलेले नव्हते. मी तिची झेरॉक्स पर्समध्ये ठेवते आणि परिषदांतून, लग्नांतून, जिथे डॉक्टर भेटेल तिथे काढते. माझ्या लेकीला याची लाज वाटते.

२०२५ च्या पावसाळ्याआधी आम्ही पद्धतीत दोनच बदल केले. पुरानंतर महिनाभर गोळ्या, निरोध आणि अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या तारखा घरोघरी विचारायचे काम दोन आशाबेनच्या नावाने लिहून टाकले. दुसरा बदल कडियानाक्याचा. मजुरीला उभे राहणारे लोक तिथे सकाळी सातच्या आत भेटतात, नंतर पांगतात. बेन आणि मी ओळीने उभ्या असलेल्या बायकांना विचारत जातो: कितवा महिना, कार्ड कुठे, साइट कुठली, रात्री झोपता कुठे. मुकादमांना वाटते आम्ही मजूर पळवतो. काही बायका पोट पदराखाली लपवतात, कारण दिसले तर त्या दिवशी काम मिळत नाही. त्यामुळे आम्ही आता नाक्यावर नाही, चहाच्या टपरीमागे बोलतो. नावे शहराच्या नोंदीत चढवायला केंद्राने सुरुवात केली आहे. गावचे कार्ड इथे चालते, हे आधी केंद्रातल्याच एकदोघांना पटवावे लागले.

तिथली एक बाई बाळंतपणाला गावी जाणार होती. तिने पिशवी मागितली. मंडळाच्या ठरावात पिशव्या पुरासाठी राखीव होत्या, खजिनदार काकू ठरावाला चिकटून. आजी म्हणाल्या, मी आणखी शिवते, आणि त्याच दुपारी कपाटातली शेवटची नऊवारी काढली.